चंबळची रेती, सुसरीचं घर

ग्वाल्हेरहून मुरैना ओलांडलं की चंबळ लागते. जगातल्या सर्वाधिक सुसरी इथेच आहेत. नराच्या लांब, निमुळत्या तोंडाच्या टोकाला मडक्यासारखा फुगवटा असतो. म्हणून हिंदीत ती घडियाल. मादी मार्च-एप्रिलमध्ये काठच्या रेतीत खड्डा उकरून तीस-चाळीस अंडी घालते. पिल्लं आतून आवाज देतात, तेव्हा तीच रेती उकरून त्यांना बाहेर काढते. देवरीच्या सुसर-संगोपन केंद्रात वाढवलेली पिल्लं सुमारे १.२ मीटरची झाली की नदीत सोडतात. पण काठच उपसला तर ती पुढे अंडी कुठे घालणार? चंबळ अभयारण्यात रेती उपशाला बंदी आहे, तरी चोरटा उपसा चालतो. म्हणून घर बांधणाऱ्या प्रत्येकाने रेती कुठल्या घाटाची, हे विचारावं आणि वाहतूक पावती मागावीच.