रुपेरी पडद्यावरचे गोमंतकीय वादक

आपल्या पेडणे-डिचोलीकडे दशावतारी काला पाहिला नाही असा विद्यार्थी विरळाच. रंगभूमीच्या एका अंगास पायपेटीवाला, मृदंगवाला आणि झांजवाला ठाण मांडून बसलेले असतात. राजा तलवार उपसून पदास आरंभ करतो, तेव्हा त्या पदास साथ देणारे हातही आपणांस त्याच समईला दिसत असतात. पहाट होईपर्यंत राजाच्या मुखवट्याइतकाच मृदंगवाल्याचा चेहराही आपल्या ओळखीचा होऊन जातो. बोलपटाने ही ओळख पुसली. तेथे वाद्य ऐकू येते, पण वादक दिसत नाही. आणि वादक दिसलाच, तर तो खरोखर वादक असेलच असा भरवसा नाही.

याचे कारण चित्रपटगीत तयार करण्याच्या पद्धतीत आहे. गाणे आधी ध्वनिमुद्रणगृहात गाऊन-वाजवून नोंदले जाते. पुढे चित्रणाच्या जागी ते मोठ्याने लावतात आणि नट त्याबरहुकूम ओठ हालवतो. पडद्यावरील बँडचीही तीच गत. हाती ट्रंपेट घेतलेला मनुष्य बहुधा रोजावर आणलेला असतो आणि ज्याने खरोखर फुंकर घातली तो त्या वेळी दुसऱ्या स्टुडिओत दुसरे गाणे वाजवीत असतो. चाणाक्ष प्रेक्षकास हे ओळखता येते. ट्रंपेटला दाबण्याच्या तीनच कळा असतात. त्या तीन कळा आणि ओठांचा ताण यांतून सारे स्वर निघतात. सूर झरझर चढत असता बोटे स्वस्थ बसलेली दिसली, तर तो वादक नकली समजावा.

आता हे खरे वादक कोण होते ते पाहू. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत १९४० नंतरच्या दोन-तीन दशकांत पाश्चात्य वाद्ये वाजवणाऱ्यांत गोमंतकीयांचा भरणा फार मोठा होता. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादीतील चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गाण्याची विद्या, आणि व्हायोलिन शिकवीत. शिकवणाऱ्यास 'मेस्त' म्हणत. आपले तालुके पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इकडे मंदिरातला चौघडा, भजन आणि काला टिकून राहिला, परंतु स्वरलिपीची ती शाळा इकडे फारशी रुजली नाही. हा निव्वळ इतिहासाचा योगायोग. नदीच्या एका काठास मृदंग आणि दुसऱ्या काठास व्हायोलिन, अशी ही वाटणी झाली.

हे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांना मुंबईच्या हॉटेलांत जाझ भेटला. जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. न्यू ऑर्लिन्स ही त्याची जन्मभूमी मानतात. ठरलेल्या चालीवर वादकाने ऐन वेळी स्वतःची उपज करावी, हे त्याचे मर्म. आपल्या गवयाची तान ज्याने ऐकली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगणे नको. १९३५ साली लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादक तयार झाले. पुढे १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला, हॉटेलांतील रात्री ओसरू लागल्या आणि या वादकांनी अधिकाधिक संख्येने स्टुडिओची वाट धरली. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणत आणि स्वरलिपी जाणणारा गोमंतकीय ती कागदावर उतरवून पन्नास वादकांत वाटून देई. रेईश मागूश येथील सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षे केले. पत्रिकेत असे गृहस्थ 'सहायक' म्हणून येत. बाकीच्या वादकांची नावे बहुधा येतच नसत.

या अनामिकांतून एक माणूस मात्र पडद्यावर आला. डिचोलीला खेटूनच असलेल्या बार्देशातील हळदोणे गावचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. मुंबईने त्याला 'चिक चॉकलेट' हे नाव दिले. ट्रंपेट वाजवण्यात त्याचे दैवत लुई आर्मस्ट्राँग. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. ताजमध्ये बँड चालवावा आणि दिवसा चित्रपटांचे काम करावे, असा त्याचा क्रम. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्याशी त्याचे सूत जमले. १९५१ साली भगवान पालव यांचा 'अलबेला' आला. त्याचे संगीत रामचंद्रांचे, नायिका गीता बाली. त्यातील 'दीवाना परवाना' या गाण्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह स्वतः दिसतो. अंगात क्यूबाच्या धर्तीचे, बाह्यांना झालरी लावलेले सदरे! हळदोण्याच्या माणसाला क्यूबाचा पोशाख का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. वादकाला पडद्यावर आणायचे तर त्याला परदेशी करूनच आणले पाहिजे, अशी त्या काळची समजूत असावी. पण पोशाख सोंगाचा असला, तरी माणसे खरी आहेत. चिक चॉकलेट १९६७ साली वारला. त्याला हलताना-चालताना पाहायचे, तर 'अलबेला'सारखे दुसरे साधन मला माहीत नाही. मराठी नट-दिग्दर्शक, मराठी संगीतकार आणि कोंकणी भाषक ट्रंपेटवाला यांची ही सोयरीक हिंदी पडद्यावर झाली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. याच रामचंद्रांच्या 'ईना मीना डीका' या १९५७ सालच्या गाण्यात नकार देणारे दोन कोंकणी शब्द सहज येऊन बसले आहेत. आम्हां कोंकणी बोलणारांना ते ऐकताना गंमत वाटते. इतरांना तो निरर्थक अक्षरांचा खेळ वाटतो.

पुढे १९६५ साली 'गुमनाम' या चित्रपटात टेड लायन्स यांचा बँड दिसला. तेथे नृत्यकार हर्मन बेंजामिन पुढे उभा राहून ओठ हालवतो आणि आवाज महंमद रफींचा. अमेरिकेत २००१ साली निघालेल्या 'घोस्ट वर्ल्ड' या चित्रपटाचा आरंभ याच गाण्याने होतो.

पश्चिमेकडे तरी वादकांना न्याय मिळाला काय? थोडाबहुत. आर्मस्ट्राँग अनेक चित्रपटांत आपल्याच नावाने वावरला. 'कासाब्लांका' या १९४२च्या चित्रपटात मात्र उलटा प्रकार: त्यातील पियानोवादक झालेला डूली विल्सन मुळात ड्रमवादक, त्याला पियानो येत नव्हता आणि पडद्यामागे दुसराच वाजवीत होता! १९८६ सालच्या 'राउंड मिडनाइट' या चित्रपटात डेक्स्टर गॉर्डन या सॅक्सोफोनवादकाने एका थकल्या-भागल्या वादकाची प्रमुख भूमिका केली. तेथे संगीत आधी नोंदून ठेवले नव्हते. चित्रण चालू असतानाच वादक वाजवीत होते. त्यामुळे गॉर्डनचा श्वास आणि सूर यांत अंतर पडत नाही. उत्कृष्ट नटाच्या ऑस्करसाठी त्याचे नामांकन झाले होते. आपल्याकडे असा प्रयोग कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

आपल्या वादकांनी दुसरी वाट काढली. कुडचडे येथील ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांद यांनी हिंदी चित्रपटांत सहायक म्हणून राबून मिळवलेले ज्ञान स्वभाषेच्या कामी लावले आणि १९६३ साली 'आमचें नशीब' व त्यापाठोपाठ 'निर्मोण' असे दोन कोंकणी चित्रपट काढले. 'निर्मोण'ची कथा पुढे 'तकदीर' या नावाने हिंदीत गेली. मडगावचे क्रिस पेरी हेही ट्रंपेटवादक. त्यांनी १९७७ साली 'भुंयारांतलो मुनीस' हा चित्रपट काढला. लोर्ना या गायिकेने गायिलेली त्यांची गाणी गोमंतकात घरोघर पोहोचली होती. त्यांत जाझचा बाज आहे आणि शब्द आपल्या अंगणातले आहेत.

या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेला 'नाचूंया कुंपासार' हा बार्द्रॉय बार्रेतो यांचा चित्रपट २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. ट्रंपेटवादकाचे काम विजय मौर्य यांनी आणि गायिकेचे पालोमी घोष यांनी केले. पालोमी घोष यांच्या अभिनयाचा खास उल्लेख झाला. दोघांचीही मातृभाषा कोंकणी नव्हे. क्रिस पेरी २००२ सालीच निवर्तले होते. जे वादक एके काळी नावावाचून मागे बसत, ते आता कथेचे नायक झाले. तथापि पडद्यावर त्यांची नावे लॉरी आणि डोना अशी आहेत. गोव्यातल्या प्रेक्षकांनी ती खरी नावे लावूनच ऐकली.