"यात केमिकल नाही ना?" ग्राहकाच्या या प्रश्नाला दुकानदाराने काय उत्तर द्यावं



काउंटरवर साबण, क्रीम, मलम ठेवणाऱ्या प्रत्येकाला रोज एक प्रश्न ऐकावा लागतो. "यात केमिकल नाही ना?" आणि आपल्यातले बरेच जण न बघताच सांगून टाकतात, "नाही हो ताई, एकदम नॅचरल आहे." माल विकला जातो, विषय संपतो.

पण आपल्या जिल्ह्यात आता बचत गटांच्या ताई, फार्मसी शिकलेली पोरं, शेतावरची हळद-कोरफड वापरून काहीतरी करू पाहणारे शेतकरी असे खूप जण या धंद्यात उतरतायत. ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, माझ्या कडुलिंबाच्या साबणावर 'खाज, एक्झिमा, सोरायसिस बरा होतो' असं छापू का?" व्हिडिओत याचं उत्तर मी दोन मिनिटांत दिलं होतं. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण त्यामागे दीडशे वर्षांचं संशोधन आहे आणि त्यातला बराचसा भाग आपल्याच मुलखात घडलाय.

आधी रोग समजून घ्या

त्वचा लाल होणं, सुजणं, खाजणं, आग होणं याला दाह म्हणतात. दाह हे लक्षण आहे. कारण वेगवेगळं असू शकतं. नायट्यात बुरशी असते, सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती बिघडलेली असते, तर ॲलर्जीत एखाद्या वस्तूचा स्पर्शच पुरतो. तिन्हींत कातडी लालच दिसते आणि खाजही येऊ शकते, पण तिघांची औषधं वेगळी. म्हणून "सगळ्या त्वचारोगांवर एकच मलम" असं कुणी म्हणालं की तिथेच सावध व्हायचं.

दुसरी गोष्ट, निसर्गातलं म्हणजे निर्धोक असं नसतं. बिब्बा पूर्ण नैसर्गिक आहे, पण त्याचं तेल कातडीला लागलं की काय होतं ते आपल्या आजीला विचारा. गाजरगवतही नैसर्गिकच. १९५० च्या दशकात पुण्याजवळ ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं. शेतात काम करणाऱ्या कितीतरी माणसांना त्याने चेहऱ्यावर, मानेवर, हातावर वर्षानुवर्षं न जाणारा त्वचेचा दाह दिला.

गोवा पावडरची गोष्ट

मुंबईत केम्प्स कॉर्नर सगळ्यांना माहीत आहे. हे नाव एका औषधाच्या दुकानावरून पडलंय, केम्प अँड कंपनी. याच केम्प नावाच्या मुंबईच्या औषधविक्रेत्याने १८६४ मध्ये इंग्लंडच्या औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकात एका पावडरीची माहिती दिली. नायट्यावर लावायची ही पिवळट-तपकिरी पावडर गोव्यातून यायची, म्हणून तिचं नाव पडलं गोवा पावडर. भाव तगडा होता आणि ती नेमकी कशापासून बनते हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

दहा वर्षांनी, १८७४ मध्ये, ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या डॉ. दा सिल्वा लिमा यांनी ते कोडं सोडवलं. ही तर आमच्याकडच्या अरारोबा झाडाच्या खोडातल्या पोकळीत साठणारी पावडर! पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती गोव्यात आली आणि गोव्याच्या नावाने जगात गेली. माल ब्राझीलचा, ब्रँड गोव्याचा.

पुढे लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला होता सोरायसिस, पण नायटा समजून त्याने स्वतःच गोवा पावडर लावली आणि त्याला फरक पडला. अशा रीतीने १८७० च्या दशकात सोरायसिसवर एक नवा उपाय सापडला. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनीत ब्राझीलचा माल येईना. तेव्हा बायर कंपनीने पावडरीतल्या मुख्य घटकाशी मिळताजुळता रेणू कारखान्यात तयार केला. १९१६ मध्ये तो रुग्णांवर वापरायला सुरुवात झाली. त्याचं नाव डिथ्रानॉल. सोरायसिसच्या औषधांत त्याचं नाव आजही आहे.

आता सांगा, डिथ्रानॉल नैसर्गिक की केमिकल? मूळ झाडाचं, रेणू कारखान्यातला. आणि दोन्ही रूपांत जास्त झालं तर कातडीची आग करतो, कपड्यांना डाग पाडतो. त्वचेला झाड आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. तिला रेणू कोणता आणि किती, एवढंच कळतं.

हळदीचा खटला आपण जिंकलो, पण नेमकं काय जिंकलो?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधल्या दोन संशोधकांना "जखम भरण्यासाठी हळदीचा वापर" याचं पेटंट मिळालं. दोघंही मूळ भारतीयच. पुढे वाद झाला तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, म्हणजे गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने या पेटंटला आव्हान दिलं.

इथे धंद्याचा मोठा धडा आहे. "आमच्या घरोघरी हळद लावतात" एवढं सांगून तिथे भागणार नव्हतं. लिखित पुरावा हवा होता. मग संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उल्लेख शोधले गेले आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही सापडला. असे एकूण ३२ संदर्भ दिले गेले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. त्यानंतर भारताने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालयच उभं केलं.

पण लक्षात घ्या, हा वाद "हे ज्ञान नवीन आहे का?" एवढ्यापुरता होता. "हळद कोणत्या त्वचारोगावर किती काम करते?" हा प्रश्न त्यात नव्हताच. अनेक जण या विजयाचा दाखला देऊन वाटेल ते दावे करतात, ते चूक आहे.

मग विज्ञान काय म्हणतं? हळदीतला कर्क्युमिन हा घटक प्रयोगशाळेत, पेशींवरच्या चाचण्यांत दाह कमी करताना दिसतो. पण तो पाण्यात जवळपास विरघळत नाही, उजेडात टिकत नाही आणि शरीरात लवकर तुटतो. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये या सगळ्या संशोधनाचा कडक आढावा छापून आला. शंभरावर चाचण्या झाल्या, तरी काटेकोर पद्धतीच्या चाचणीत कर्क्युमिन औषध म्हणून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे हळद वाईट असं नाही. "गुणकारी" आणि "रोग बरा करते" या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे, एवढंच.

आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज (जि. सांगली) इथल्या केंद्राने 'फुले स्वरूपा' हा हळदीचा वाण दिलाय. कर्क्युमिनचं प्रमाण वाण, जमीन आणि प्रक्रियेप्रमाणे बदलतं. त्यामुळे "हळद घातली" एवढ्याने काही ठरत नाही. कोणती हळद, किती कर्क्युमिनची, रंगाची भेसळ तर नाही ना, हे तपासायला लागतं. पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार देशात सापडलेत. त्यात शिसं असतं.

स्टेरॉइड: वरदानाचं संकट कसं झालं

आता दुसरी बाजू बघू. कॉर्टिसोनच्या संशोधनासाठी केंडाल, हेंच आणि राइखश्टाइन यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन मलम म्हणून त्वचेवर लागू पडतं हे दिसलं आणि त्वचारोगाचे उपचारच बदलले. गंमत म्हणजे ही औषधं स्वस्त झाली ती मेक्सिकोतल्या एका जंगली कंदामुळे. त्या कंदातल्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवायचं आणि मग एका बुरशीकडून पुढची रासायनिक पायरी करून घ्यायची, अशी ती वाट होती. ज्याला आपण "स्ट्राँग केमिकल" म्हणतो त्याचीही मुळं मातीतच निघाली.

डॉक्टरांच्या सल्ल्याने, योग्य जागी, योग्य दिवस लावलं तर स्टेरॉइड मलम खरंच वरदान आहे. अडचण पुढे आहे. खाज आली की माणूस दुकानात येतो, "ती ट्यूब द्या" म्हणतो आणि दोन दिवसांत खाज थांबते. पण तो नायटा असेल तर स्टेरॉइड फक्त लाली दाबतं. आत बुरशी मोकाट वाढते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. चेहऱ्यावर गोरं व्हायला म्हणून महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, मुरमं येतात, केस वाढतात, शिरा दिसायला लागतात. बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब मागतो.

देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध मोहीमच उघडली. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून घेतली. नियम झाला, पण काउंटरवर तो पाळणारे आपणच आहोत.

आणि लेबल नसलेल्या डब्यांचं काय? २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती. स्थानिक पातळीवर घेतलेली गोरेपणाची क्रीम वापरून एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या क्रीममध्ये मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त पारा निघाला. क्रीम लावली चेहऱ्यावर, फटका बसला किडनीला.

लेबलवरचा एक शब्द किती महाग पडतो

विकोची गोष्ट आपल्या चॅनलवर बऱ्याच वेळा आलीय. केशव विष्णू पेंढरकर नागपूरहून मुंबईला आले, १९५२ मध्ये कंपनी सुरू केली आणि १९७० च्या दशकात हळदीची क्रीम बाजारात आली. पुढे एक्साइज खात्याशी वाद झाला तो असा: ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध? कराचा दर त्यावर ठरणार होता. दोन दशकांहून जास्त काळ कोर्टकचेरी चालली आणि शेवटी सुप्रीम कोर्टाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यांच्याकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना होता, सूत्र होतं, कागद होते आणि लढायची ताकदही होती. आपल्याकडे चार मोल्ड आणि एक मिक्सर असताना हा वाद अंगावर घेऊन चालेल का?

मग आपण काय करायचं?

१. आधी ठरवा: कॉस्मेटिक की औषध? अंगाला लावायचा साबण आणि क्रीम बनवून विकायला कॉस्मेटिकचा परवाना लागतो. आयुर्वेदिक औषधाचा परवाना वेगळा. दोन्हींसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करा. सुरुवातीला परवाना असलेल्या कारखान्यातून माल बनवून घेणं हाही मार्ग आहे.

२. दाव्याची भाषा सांभाळा. "त्वचा मऊ राहते, स्वच्छ होते" हे कॉस्मेटिकचं वाक्य. "एक्झिमा बरा होतो" हे औषधाचं वाक्य. कोड बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्याने बंदच आहे.

३. "केमिकल फ्री" छापू नका. पाणीसुद्धा केमिकलच आहे आणि साबण तर कॉस्टिक आणि तेलाच्या रासायनिक क्रियेशिवाय होतच नाही. त्यापेक्षा आत काय आहे ते सरळ लिहा. प्रामाणिक यादी हीच तुमची जाहिरात.

४. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत लिहा आणि एक वही ठेवा. कोणत्या बॅचमध्ये कुठली हळद, कुठलं तेल वापरलं ते त्यात नोंदवा. तक्रार आली तर हीच वही तुम्हाला वाचवेल. हळदीचा खटलासुद्धा कागदावरच जिंकला गेला.

५. ग्राहकाला सांगा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघा. लाल झालं, खाजलं तर वापरू नका.

६. दुकानदारांनी लेबल नसलेला माल ठेवू नये, मार्जिन कितीही असो. मेडिकलवाल्यांनी स्टेरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नये. खाज जात नसेल तर माणसाला डॉक्टरकडे पाठवा. लोणीच्या प्रवरा मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी किंवा सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगा.

एक ट्यूब कमी विकली तर वीस-पंचवीस रुपये जातील. पण "त्याने मला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं" हे वाक्य तो माणूस गावभर सांगतो आणि पुढची दहा वर्षं घरचा किराणासुद्धा तुमच्याकडूनच नेतो.

म्हणून उद्या कुणी विचारलं, "यात केमिकल नाही ना?" तर असं सांगा: "ताई, यात काय काय आहे ते मागे लिहिलंय, वाचून दाखवतो. हे साबण आहे, औषध नाही. आजार असेल तर आधी डॉक्टरला दाखवा."

तुमच्या उत्पादनाच्या लेबलवर सध्या काय छापलंय? ते वाक्य जसंच्या तसं कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही लेबलं घेऊन कायद्यात बसतील आणि ग्राहकालाही पटतील अशी आपण मिळून लिहू.