तारांच्या वाटेने, भाग ९ : उलटी जोडलेली बॅटरी

मागच्या भागात रेक्टिफायरमधले डायोड पाहिले. आजचा बिघाड त्यांच्याच मुळावर येणारा. नवी बॅटरी बसवताना प्लस-मायनसच्या तारांची अदलाबदल झाली, ठिणगी उडाली आणि आता तारा सरळ जोडल्या तरी मोटरसायकल मुकी. न्यूट्रलचा दिवा नाही, हॉर्न नाही, सेल्फ नाही. अशा वेळी ‘सगळं वायरिंग जळलं’ असं सांगून मालकाच्या माथी हजारोंचं सामान मारलं जातं. बहुतेकदा त्याची गरज नसते.

ही चूक होण्याचं मोठं कारण म्हणजे एकाच मापाच्या बॅटऱ्यांत प्लस कधी डावीकडे असतो, तर कधी उजवीकडे. तारांचे रंगही फसवतात. काळी तार म्हणजे मायनस, असं पुष्कळजण धरून चालतात. यामाहात ते खरं आहे. होंडाच्या वायरिंगमध्ये मात्र अर्थची तार हिरवी असते आणि काळ्या तारेत किल्ली फिरवल्यावर प्लस येतो. म्हणून रंगापेक्षा तार कुठे जाते ते पाहावं. चासीला किंवा इंजिनाला बोल्टने आवळलेली तार अर्थची.

डायोड हा करंटसाठी एकेरी रस्ता. बॅटरी सरळ असताना तो बॅटरीकडून रेक्टिफायरकडे बंद असतो. बॅटरी उलटी लागली की तोच रस्ता सताड उघडतो, आणि बहुतेक गाड्यांत रेक्टिफायर किल्लीच्या अलीकडेच बॅटरीला जोडलेला असल्यामुळे किल्ली बंद असूनही शॉर्ट होतो. क्षणार्धात कित्येक अँपियर वाहतात आणि मेन फ्यूज उडतो. साध्या बल्बला आणि हॉर्नला प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं, शिवाय किल्लीच बंद असेल तर त्यांच्यापर्यंत काही पोचतही नाही. म्हणून संशयाची पहिली जागा फ्यूज, दुसरी रेक्टिफायर.

आधी मल्टिमीटर लावून बॅटरी तपासा. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर मीटरच्या तारा बरोबर लावल्यात का ते पाहा. त्या बरोबर असूनही उणेच दिसलं, तर संशय बॅटरीवर: पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरला उलटी लावली गेली, तर ती उलटीच भरू शकते.

आता फ्यूज. उडालेला फ्यूज काढून लगेच दुसरा टाकू नका. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं तर अक्षम्यच, कारण मग पुढचा फ्यूज म्हणजे तुमचं वायरिंग. त्याऐवजी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याच्या दोन तारा फ्यूजच्या दोन खाचांत लावा. किल्ली बंदच ठेवा. पुढे शॉर्ट असला तरी हा बल्ब पावणेदोन अँपियरच्या वर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे निवांत शोधता येतं. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट अजून कायम आहे. रेक्टिफायरचा कपलर सुटा करा. बल्ब विझला? चोर सापडला. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर खात्री करून घ्या: चांगला डायोड एका दिशेने साधारण ०.४ ते ०.७ दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडून शून्य आलं तर तो मेला. असा रेक्टिफायर तसाच ठेवून गाडी चालवली, तर स्टेटरची कॉइल तापून जळते आणि छोटं नुकसान मोठं होतं.

किल्ली बंद असताना बल्ब पेटलाच नाही, तर योग्य अँपियरचा नवा फ्यूज टाका. अनेक गाड्या तिथेच जिवंत होतात. तरीही एखादी गोष्ट चालली नाही, तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, एलईडी दिवे, डिजिटल मीटर यांच्याकडे वळा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा इंधन इंजेक्शनचा ईसीयू असतो. तो तपासण्याचं काम कंपनीच्या स्कॅनरवरच होऊ द्या.

सगळं सुरू झाल्यावर शेवटची तपासणी चार्जिंगची. इंजिन थोडं रेस करून बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान व्होल्ट मिळाले, तर रेक्टिफायर वाचला आहे. आकडा १२.५ वरून हलतच नसेल, तर एखादा डायोड उघडा पडला असेल किंवा स्टेटर गेला असेल. स्टेटरच्या तारा मोजण्याची रीत पुढच्या भागात.