बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात

२६ जुलै २००५ म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, फुगलेली मिठी नदी, रुळांवर अडकलेल्या लोकल. त्याच दिवसांत महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून जास्त माणसं गेली. कॅमेरे जिथे होते तिथला प्रलय लक्षात राहिला.

निसर्ग गरीब-श्रीमंत पाहत नाही, हे वाक्य दर पावसाळ्यात छापून येतं. त्याच बातमीचा शेवटचा परिच्छेद वाचला की ते खोटं ठरतं.

इर्शाळवाडीचं घ्या. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. मुख्यमंत्री चिखलातून डोंगर चढून गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. वाडीला गाडीरस्ता नव्हता, जेसीबी वर पोचेना, म्हणून माणसं फावड्या-घमेल्यांनी ढिगारा उपसत राहिली. हा तपशील बचावकार्यातली अडचण म्हणून छापला गेला. पण जेसीबीला नसलेला रस्ता अडलेल्या बाळंतिणीलाही नव्हता, तापाने फणफणलेल्या पोरालाही नव्हता, आणि तो फक्त त्या रात्रीच नव्हता, असंही नाही. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. शिकण्यासाठी त्यांना आईबापांपासून लांब राहावं लागत होतं, हेही त्याच ओळीत होतं. २७ मृतदेह सापडले. चौथ्या दिवशी शोध थांबला, तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती.

दरडीखाली गेलेल्या माळीण गावाची बातमी तर एसटीमुळे बाहेर आली. ३० जुलै २०१४ला चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. १५१ जणांचा मृत्यू समजायला एसटीची फेरी यावी लागली. पुढे वाद रंगला तो पडकईचा: भातखाचरांसाठी यंत्रं लावून उतार सपाट केल्याने डोंगर खचला का? प्रश्न रास्त होता. पण आदिवासी शेतकऱ्याच्या वाट्याला उतारच का उरला, हे फार थोड्यांनी विचारलं. माळीण ज्या आंबेगाव तालुक्यात आहे, तिथेच डिंभे धरणाने खोऱ्यातली जमीन बुडवली आहे.

किल्लारीत तर मदतीनेच जुनी उतरंड पुन्हा बांधून दिली. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर नव्या गावठाणात घराचा आकार जमीनधारणेवर ठरला: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५०. पुनर्वसनाच्या यशाचं कौतुक करताना हे आकडे ठळक छापायला हवे होते.

आणि २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूरचा पूर. जमीन खरवडून गेली, सोयाबीन कुजलं; बातम्यांत नुकसान हेक्टरांत मोजलं गेलं. पंचनामा होतो सातबारावरून. बटईने कसणाऱ्याचं नाव तिथे नसतं, नवऱ्याच्या नावच्या जमिनीत राबणाऱ्या बाईचं नसतं, आणि बुडालेली मजुरी तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. तलाठ्यामागे बांधावर उभ्या राहणाऱ्या वार्ताहराने यादीत नाव नसलेलं एक घर गाठावं. पेरणीला पैसे कुणाकडून उचलले होते, ते कसे फेडणार, आणि यंदा ऊसतोडीला जाताना पोरांना कुणाकडे ठेवणार, एवढं विचारून पहिल्या पानावर छापावं.