राख झालेल्या भिंती आणि ३६३ काचा

२६ जानेवारी १९४९. जपानमधल्या नारा प्रांतातल्या होर्युजी या बौद्ध मंदिराच्या मुख्य दालनाला, म्हणजे कोंदोला, पहाटे आग लागली. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी ही एक. आतल्या बारा भिंतींवर साधारण सातव्या शतकाच्या अखेरीची बुद्ध-बोधिसत्त्वांची चित्रं होती. त्यातल्या एका बोधिसत्त्वाचं नातं अभ्यासक अजिंठ्याच्या पद्मपाणीशी जोडत आले आहेत. दैवदुर्विलास असा, की जतनासाठी म्हणून चित्रकार त्या काळात याच भिंतींच्या नकला करत होते, आणि आगीचा संशय गेला तो त्यांना थंडीत ऊब देणाऱ्या विजेच्या उशीवर. रंग गेले, करपलेल्या रेषा तेवढ्या उरल्या.

पण १९३५ साली क्योतोच्या बेन्रिदो या छपाईसंस्थेने सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवले होते. भिंतीचे चौकोनी भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग काचेवर मूळ आकारात टिपायचा, असं ते कंटाळवाणं काम. अशा ३६३ काचा झाल्या. शिवाय रंगीत फिल्म हाताशी नसताना वेगवेगळ्या फिल्टरमधून चार रंगांच्या स्वतंत्र काचाही घेतल्या. त्या एकत्र आणल्या की रंग मिळतो. १९६७-६८ मध्ये चित्रकारांनी याच फोटोंवरून ती चित्रं पुन्हा रंगवली. आता काचांचं स्कॅनिंग झालं आहे आणि २०२०पासून कुणीही संगणकावर एखाद्या बोधिसत्त्वाच्या पापणीपर्यंत जाऊ शकतो. मला तिथे पापणीपेक्षा गिलाव्याचे तडे आणि पोपडे मोलाचे वाटतात. नकलाकार ते हळूच गाळतो. कॅमेऱ्याला तेवढी सौंदर्यदृष्टी नसते, हे बरंच आहे.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची गोष्ट उलटी. मेजर रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं खपून केलेल्या तैलप्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. इथे मूळ टिकलं, नकला जळाल्या. गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्याचे फोटो मात्र आजही पाहायला मिळतात.

अशी नोंद आपल्या देवळांचीही हवी. आपल्याकडच्या यादवकालीन देवळांना आगीपेक्षा ऑइलपेंटचं आणि जीर्णोद्धार समितीच्या उत्साहाचं भय जास्त. काळ्या दगडावर एकदा चकचकीत रंग बसला, की छिन्नीच्या बारीक खुणा दिसेनाशा होतात. मग तो उतरवायला वाळूचा मारा करायचा, आणि उरल्यासुरल्या कडाही बोथट करायच्या. ड्रोनचा व्हिडिओ, मागे सनई, हे लोकांना आवडतं; दुरुस्तीला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. उपयोग होतो तो एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणाऱ्या शेकडो स्थिर फोटोंचा: त्यांतून संगणक दगडाची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. शेजारी मोजपट्टी हवी, नाहीतर माप कळत नाही. रंगपट्टी हवी, नाहीतर दुपारचा आणि संध्याकाळचा दगड वेगळा भासतो. झिजलेल्या शिलालेखावर बाजूने तिरका उजेड टाकला, तर समोरून न दिसणारी अक्षरं उठून येतात. लेझर स्कॅनर अंतरं अचूक देतो, पण तो महागडा, आणि रंगासाठी शेवटी कॅमेराच लागतो.

हे सगळं रंगाचा पहिला डबा उघडण्याआधी व्हायला हवं. गाभाऱ्यातली काजळी, शेंदराचे थर, पायरीची झीज, कुणी तरी ठोकलेला खिळा, सगळ्यासकट. आणि मूळ फायली एकाच्याच लॅपटॉपमध्ये नकोत: एक संच गावात, दुसरा जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या ग्रंथालयात, प्रत्येक फोटोवर तारीख आणि भिंतीची दिशा लिहून.