विश्लेषण : ‘आर्ट्सला जाऊन करणार काय?’ कर्जत-खालापूरमध्ये या प्रश्नाचे उत्तर काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की कर्जत, नेरळ, खोपोली, चौक इथल्या अनेक घरांत हा प्रश्न हमखास येतो. नोकरीपुरते पाहिले तर तो रास्तही आहे. मात्र याच दोन तालुक्यांत वनहक्काचे दावे, जमिनीचे व्यवहार आणि डोंगराखालच्या वाड्यांची सुरक्षितता हे रोजचे विषय आहेत. त्यात कामी येतात ते इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र आणि भाषा हेच विषय. ते कसे?

वनहक्काच्या दाव्यात इतिहासाचे काम काय?

वनहक्क कायदा २००६ चा. वनजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबाला त्यानुसार दावा करता येतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांसाठी हा कायदा फार महत्त्वाचा आहे.

पुरावा म्हणून काय चालते, याची यादी नियमांत आहे. गॅझेटियर, जनगणना आणि जुने नकाशे चालतात. वंशावळ चालते. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांची नोंद चालते. दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचे लेखी जबाबही चालतात. यांपैकी एकाहून अधिक पुरावे लागतात.

ही यादी म्हणजे इतिहासाच्या अभ्यासाची साधनेच आहेत. आजीला नेमके काय विचारायचे, तिने सांगितलेला ‘मोठ्या दुष्काळाचा’ काळ कोणत्या वर्षाशी जुळवायचा, तिचे म्हणणे आपले शब्द न घालता कसे लिहायचे, हे शिकावे लागते. जबाब मोघम असला तर दावा कमकुवत होतो.

सातबारा तर सगळ्यांनाच माहीत आहे, मग अडते कुठे?

सातबारा पाहणे आणि तो वाचणे यांत फरक आहे. गाव नमुना ७ मध्ये हक्काची नोंद असते, नमुना १२ मध्ये पिकाची. नाव कसे चढले किंवा कमी झाले, हे नमुना ६ मधल्या फेरफारावरून कळते. कायद्यानुसार ही नोंद चुकीची असल्याचे सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ती मालकीचा अंतिम पुरावा नाही. म्हणून ‘हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिले?’ हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न इथेही विचारावा लागतो.

मुंबई-पुण्याच्या मधला हा पट्टा फार्महाऊस आणि गृहप्रकल्पांचा झाला आहे. अशा ठिकाणी भाषेचे भान थेट पैशांशी जोडलेले असते. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, त्याने मालकी बदलत नाही. ती बदलते नोंदणीकृत खरेदीखताने. कुलमुखत्यारपत्राने आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला मिळतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगी लागते. ‘वाचून पाहिले, समजले, मान्य आहे’ या ओळीखाली सही करण्याआधी हे शब्द खरोखर समजलेले असावेत.

इर्शाळवाडीचा भूगोलाशी काय संबंध?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे सरकारने तेव्हा विधिमंडळात सांगितले.

भूगोलाची पदवी दरड थांबवत नाही. पण प्रत्येक वाडीचा डोंगर यादीत येईलच असे नाही, हे इथे दिसले. उतारावर पडलेली नवी भेग, कललेली झाडे आणि खांब, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी ही धोक्याची लक्षणे पाठ्यपुस्तकात असतात. आपल्या वाडीच्या वरच्या उतारावर ती दिसली, तर तारीख आणि फोटोसह ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाला लेखी कळवणे हा त्याच धड्याचा वापर आहे.

राज्यशास्त्र कुठे लागते?

आदिवासी भागात ‘पेसा’ लागू असतो, असे सरसकट बोलले जाते. पण तो कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता आहे आणि रायगड जिल्हा त्यात नाही. वनहक्क कायदा मात्र इथे लागू आहे. चुकीच्या कायद्याचा आधार घेतलेला अर्ज पुढे सरकत नाही.

अर्ज कुठे अडला, हेही कळायला हवे. वनहक्काचा दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. ही मुदत माहीत नसल्याने संधी हुकते.

याआधी या भागात असे कोणी केले का?

माथेरानमध्ये १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल वकिलीचे शिक्षण घेऊन परतले. १९४२ च्या लढ्यातील विजेचे मनोरे पाडणारा ‘आझाद दस्ता’ आणि २ जानेवारी १९४३ चे सिद्धगडावरील हौतात्म्य सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि शाळा चालवल्या. सावकारी पाशातल्या गावांसाठी शिकलेला माणूस काय करू शकतो, याचे हे घरचेच उदाहरण.

मग नोकरीचे काय?

केवळ बीएच्या पदवीवर नोकरी मिळेल, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. गाइड पाठ करून मिळालेली पदवी तर वर सांगितलेल्या एकाही कामाला पुरी पडत नाही.

मात्र राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची रचना बदलली आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, कौशल्याचे विषय आणि दुसऱ्या शाखेतला खुला ऐच्छिक विषय घेता येतो. म्हणजे वाणिज्य किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही भूगोल वा राज्यशास्त्राची ओळख होऊ शकते, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब किंवा संगणकाची. कोणते विषय उपलब्ध आहेत, हे प्रवेशाआधी महाविद्यालयात विचारून घ्यावे.

आजपासून काय करता येईल?

विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, घरच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक घेऊन जमिनीचा इतिहास ओळीने लिहून काढता येतो. वाडीतल्या विहिरी, देवस्थाने, वाटा आणि उतार यांचा नकाशा करता येतो. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागून ती मोठ्याने वाचून दाखवता येते. आणि सगळ्यात आधी वृद्धांचे जबाब नोंदवता येतात. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे सांगू शकणारी माणसे आता वाडीत मोजकीच उरली आहेत.