दुबळ्या थराचे बळ

चिनी मातीची बशी हातातून निसटली, की तिचे तुकडे! पण हीच बशी भट्टीच्या धगीतून तावून निघालेली असते. सिलिकॉन कार्बाइड तिच्याच जातीचे. निकेलचे मिश्रधातू सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला वितळतात. हे मात्र टिकते. पण तेही ठिसूळच. मग विमानाच्या इंजिनात ते कसे चालावे?

शास्त्रज्ञांनी त्यात त्याचेच केसाहून बारीक धागे घातले. हे धागे घट्ट चिकटले, तर तडा त्यांनाही चिरत जातो. म्हणून धाग्यांवर बोरॉन नायट्राइडचा पातळ, दुबळा थर देतात. तडा तेथे आला, की धाग्याच्या कडेने वळतो आणि त्याचा जोर ओसरतो. २०१६ पासून प्रवासी विमानांच्या ‘लीप’ इंजिनांत असे भाग वापरात आहेत.

आता तुम्हीच सांगा, भिंतीच्या मातीत भुसा का कालवतात?